ॲल्युमिनियमवर अक्षरं कोरताना टूल कोणतं, स्पीड किती, आणि टिप का उडते

गोकुळ शिरगावच्या एका जॉबवर्क शॉपमधून प्रश्न आला आहे. त्यांची व्हीएमसी (संगणकावर चालणारं, उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन) बीटी-४० मापाच्या टूलहोल्डरची आहे आणि स्पिंडल, म्हणजे टूल फिरवणारा दांडा, ८००० आरपीएमपर्यंत जातो. कंट्रोल पॅनलसाठी ३ मिमी जाडीच्या ॲल्युमिनियमच्या प्लेटवर ५ मिमी उंचीची अक्षरं कोरायची आहेत, काही मराठी, काही इंग्रजी. बिडाच्या कास्टिंगवर नंबर टाकायला ते चार पैलूंचं, काळसर कोटिंगचं टोकदार टूल वापरतात, तेच इथेही लावलं. स्पीड ६०००, फीड, म्हणजे टूल पुढे सरकण्याचा वेग, मिनिटाला २५ मिमी, खोली ०.२ मिमी. थोड्याच प्लेट झाल्या की टिप उडते, अक्षरांच्या कडेला बर (धातूची उभी राहिलेली धारदार कोर) राहतो, आणि एकाच प्लेटवर डावीकडची अक्षरं जाड, उजवीकडची बारीक येतात. टिप वाचवण्यासाठी स्पीड अजून कमी करावा का, असं त्यांनी विचारलं आहे.

स्पीड कमी करू नका. मशीन देईल तितका पूर्ण स्पीड लावा, म्हणजे तुमच्याकडे ८०००. टूल बदला: एकाच धारेचं, कोटिंग नसलेलं, चकचकीत पॉलिश केलेलं कार्बाइड, पूर्ण कोन ६० अंश, टोकाला ०.२ मिमीची सपाटी. फीड मिनिटाला १०० मिमीच्या आसपास. प्लेट आधी सपाट आहे का ते डायलने (बारीक चढउतार दाखवणाऱ्या गेजने) तपासा. कोरडं चालवू नका. एवढं केलंत तर तुमचा बहुतेक त्रास आजच संपेल. पण हे आकडे नुसते उतरवून घेतले तर पुढच्या जॉबला, वेगळ्या शीटवर, वेगळ्या अक्षराला पुन्हा अडाल. म्हणून कारणं सविस्तर लिहितो.

आधी स्पीडचं गणित. कटिंग स्पीड म्हणजे धार मटेरियलवरून मिनिटाला किती मीटर पळते ते. सूत्र आपल्या सगळ्यांना पाठ आहे: व्यास गुणिले ३.१४ गुणिले आरपीएम, भागिले १०००. १० मिमीचा एंडमिल ८००० वर फिरवला की २५० मीटर मिळतात, आणि कार्बाइडला ॲल्युमिनियममध्ये तेवढे सहज चालतात. कोरण्याच्या टूलचा व्यास मात्र शँकवरचा, म्हणजे पकडायच्या दांड्यावरचा, ६ मिमी धरायचा नसतो. कापतो तेवढाच भाग धरायचा. ६० अंशांचं, ०.२ सपाटीचं टूल ०.२ खोल गेलं की पृष्ठभागाशी त्याचा व्यास ०.४३ मिमी असतो. ८००० वर त्याचे होतात जेमतेम ११ मीटर. खाली टोकाच्या कडेला तर ५ मीटरच, आणि बरोबर मध्यावर शून्य. या टूलला २०० मीटर द्यायचे ठरवलं तर स्पिंडल दीड लाख आरपीएमच्या घरात फिरवावा लागेल.

म्हणजे आपल्याकडच्या साध्या व्हीएमसीवर कोरण्याच्या कामात स्पीड जास्त झाला असं होऊच शकत नाही. तो कायम कमीच असतो. ॲल्युमिनियम कमी स्पीडला धारेवर चिकटतं, चिकटलेला थर धार बोथट करतो, बोथट धार मटेरियल कापण्याऐवजी बाजूला लोटते आणि लोटलेलं मटेरियल म्हणजेच तुमचा बर. ६००० वरून ४००० वर आलात तर हा त्रास वाढेल. स्पीड वाढवता येत नाही हे एकदा मान्य केलं की मग धार, चिपची (कापून निघणाऱ्या कणाची) जाडी, टूलचं बरोबर मध्यावर फिरणं आणि प्लेटची सपाटी या गोष्टींवर सगळं येऊन थांबतं. पुढचं सगळं त्यांच्याबद्दलच आहे.

तुमच्या टिप उडण्याचं खरं कारण मला फीडमध्ये दिसतं. २५ मिमी भागिले ६०००, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). टूलला चार पैलू, म्हणजे एका धारेच्या वाट्याला १ मायक्रॉन. कार्बाइडची धार कितीही तीक्ष्ण असली तरी तिच्या टोकाची स्वतःची गोलाई काही मायक्रॉनची असते, कोटिंग असेल तर आणखी जास्त. चिप त्या गोलाईपेक्षा पातळ मागितली तर धार तिच्यात शिरतच नाही, वरून घासत जाते. घासल्याने उष्णता होते, मटेरियल चिकटतं, चिकटलेला गोळा पुढच्या फेऱ्यात सुटताना टिपचा कण घेऊन जातो. आपण मात्र टिप उडाली की फीड अजून कमी करतो. नाजूक टूल आहे, हळू चालवू या, असं प्रत्येकाला वाटतं आणि नेमकं तिथेच टूल मरतं.

एका धारेमागे १० ते २० मायक्रॉन चिप ठेवा. ०.२ सपाटीच्या टूलला १२ मायक्रॉनपासून सुरुवात करा: ८००० गुणिले ०.०१२ म्हणजे ९६, ते १०० करा. नीट चाललं, बर कमी दिसला, तर १५० पर्यंत जा. ०.१ सपाटीच्या बारीक टूलला १० च्या वर नेऊ नका. एका धारेचं टूल मी आग्रहाने सांगतो त्याचं कारण हेच. कमी आरपीएमला चार धारांना पुरेशी चिप द्यायची तर फीड चौपट लागतो, आणि छोट्या अक्षरांच्या वळणांवर मशीन तेवढा फीड गाठतच नाही. शिवाय एका धारेला चिप बाहेर पडायला मोकळी जागा मिळते.

आता टूल. आपल्या कोल्हापुरात शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो की कागल, बहुतेक शॉपचा हात बिडावर बसलेला आहे. बिडाची चिप भुकटी होऊन पडते, ते कोरडं चालतं, धार थोडी मारलेली असली तर उलट टिकते, आणि चार पैलूंचं टूल त्याला शोभतं, कारण ते मजबूत असतं. त्या टूलचा पैलू मटेरियलला उणे कोनात भिडतो. बीड त्याने तुटून पडतं, ॲल्युमिनियम मात्र दाबलं जातं. काळसर कोटिंग बहुधा टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइडचं असतं. त्या थरातच ॲल्युमिनियम आहे आणि ॲल्युमिनियमचा जॉब त्याला चिकटायला बघतो. कोटिंग हवंच असेल तर झिरकोनियम नायट्राइड, टायटॅनियम डायबोराइड किंवा हिऱ्यासारख्या कार्बनचा थर, हे चालतात. पण इतक्या बारीक टूलला मी काहीच लावत नाही. थर म्हटला की धारेची गोलाई वाढली. बारीक कणांचं साधं कार्बाइड आणि पॉलिश केलेला पुढचा चेहरा, एवढं पुरतं. हुपरीच्या चांदीवर किंवा गुजरीत सोन्यावर हाताने नक्षी कोरणाऱ्या कारागिराला विचारा, कोरायच्या हत्याराचा चेहरा घासून आरशासारखा करण्यात तो किती वेळ देतो. त्याची रेघ चकाकते ती त्या पॉलिशमुळे, आणि मशीनवरही नियम तोच आहे.

हवं ते टूल ओळखायला सोपं आहे. गोल रॉड टोकाकडे लांबीत बरोबर अर्धा कापलेला असतो, सपाट चेहरा दिसतो, आणि त्याच्या एका कडेला धार असते. धारेच्या मागे भरपूर उतार हवा, २५ ते ३० अंशांचा, म्हणजे मागची पाठ खाचेच्या भिंतीला घासणार नाही. विकत घेताना दोन गोष्टी तपासा. एक, कोन पूर्ण सांगितलाय की एका बाजूचा. काही विक्रेते ३० अंश म्हणतात आणि तो एका बाजूचा असतो, म्हणजे पूर्ण ६०. दुसरं, चेहरा खरोखर मध्यावर आहे का. अर्ध्याहून जास्त जाडी राहिली असेल तर टूल टोकाशी कापत नाही, खरडतं, आणि खाचेच्या तळाला खरखरीत पट्टा उमटतो.

टोकाला सपाटी हवीच. सुईसारखं टोक दिसायला छान वाटतं, पण मध्यावरचा स्पीड शून्य असल्याने ते पहिल्या काही मिलिमीटरमध्येच तुटतं आणि मग आपोआप, वेडीवाकडी सपाटी तयार होते. त्यापेक्षा घासून दिलेली ०.१ किंवा ०.२ ची सपाटी बरी. ती किती आहे हे आपल्याला माहीत असतं, म्हणून रेघेची रुंदीही आधी काढता येते.

तुमच्याकडे टूल अँड कटर ग्राइंडर असेल तर ही टूलं स्वतः घासायला शिका. व्हीएमसी येण्याआधी पँटोग्राफवर (मोठ्या नमुन्यावरून लहान अक्षरं कोरणाऱ्या यंत्रावर) अक्षरं कोरणारी पिढी हेच करत असे. म्युनिकच्या डेकेल कंपनीचा एसओ ग्राइंडर मुळात एका धारेच्या अशाच टूलसाठी बनवलेला आहे आणि त्या धर्तीची यंत्रं आजही मिळतात. कार्बाइडला बारीक ग्रिटचं डायमंड व्हील लागतं. घासून झालं की धार भिंगाखाली बघायची. दहापट भिंग गुजरीत सोनारकामाचं सामान विकणाऱ्याकडे मिळेल. खिशात ठेवा, या कामात त्याइतकं उपयोगी मापाचं साधन दुसरं नाही.

कोनाबद्दल थोडं जास्त लिहावं लागेल, कारण तुमची डावीकडची अक्षरं जाड आणि उजवीकडची बारीक येण्याचा उलगडा तिथे आहे. रेघेची रुंदी म्हणजे टोकाची सपाटी अधिक खोलीमुळे वाढणारा भाग. ६० अंशांच्या टूलला खोली ०.१ ने बदलली की रुंदी ०.११५ ने बदलते. ९० अंशांच्या टूलला तीच ०.२ ने, आणि ३० अंशांच्या टूलला फक्त ०.०५४ ने. तुमची प्लेट उजव्या टोकाला ०.१ ने खाली असेल तर डावीकडे ०.४३ ची रेघ आणि उजवीकडे ०.३२ ची. डोळ्याला हा फरक लगेच कळतो. ९० अंशांचं टूल मजबूत असतं, पण प्लेटमधली प्रत्येक चूक ते दुपटीने दाखवतं. ३० अंशांचं टूल चुका झाकतं, पण बारीक टोकामुळे लवकर तुटतं आणि रुंद रेघेसाठी फार खोल जावं लागतं: ०.५ रुंदीला ६० अंशांचं टूल ०.२६ खोल जातं, तर ३० अंशांचं ०.५६. म्हणून माझी निवड ६०. प्लेट अगदी वाकडी असेल आणि ती फेस करण्याची (वरून पातळ थर कापून सपाट करण्याची) परवानगी नसेल तर ४० अंशांपर्यंत खाली या.

खरा उपाय मात्र प्लेट सपाट करणं हाच. ३ मिमीची शीट व्हाइसमध्ये कडेने आवळली की मधे फुगते, हे डोळ्याला दिसत नाही. मशीनच्या टेबलावर ॲल्युमिनियमची एक जाड फिक्स्चर प्लेट बांधा, तिच्यावरून त्याच मशीनवर हलका फेस कट मारा, म्हणजे ती स्पिंडलशी काटकोनात आली. जॉब तिच्यावर चांगल्या प्रतीच्या दुहेरी टेपने चिकटवा किंवा कडेच्या छिद्रांतून स्क्रूने धरा. मग लिव्हर डायल स्पिंडलला लावून चारही कोपरे आणि मध्य फिरवून बघा. ३० मायक्रॉनच्या आत असेल तर कोरायला घ्या. जास्त असेल तर खाली चिप अडकली आहे का, कापलेल्या कडेला खालच्या बाजूने बर आहे का, ते बघा. गाऱ्हाणं बहुधा तिथेच सापडतं.

झेड शून्य घेताना कागद वापरू नका, ०.२ खोलीच्या कामात कागदाची जाडी म्हणजे अर्धी खोली. जिथे कोरायचं नाही अशा कोपऱ्यावर मार्कर पेनने पट्टा ओढा, टूल पूर्ण स्पीडला फिरवत पाच-पाच मायक्रॉनने खाली आणा. शाई खरवडली गेली की थांबा, तो तुमचा शून्य. आणि हे करण्याआधी स्पिंडल त्याच स्पीडला पंधरा-वीस मिनिटं फिरू द्या. थंड स्पिंडल गरम होताना लांबीत काही शतांश मिलिमीटर वाढतो. इतर कामात ते खपून जातं, इथे सकाळची पहिली प्लेट आणि जेवणाआधीची प्लेट शेजारी ठेवली की फरक दिसतो.

टूलच्या फिरण्याचा मुद्दा यातच येतो. ०.२ सपाटीच्या टूलचा टोकाशी अर्धा व्यास ०.१ मिमी. टूल मध्यापासून १० मायक्रॉन सरकून फिरत असेल तर तो दहावा हिस्सा झाला. सरक धारेच्या बाजूला असेल तर रेघ रुंद होते, पाठीच्या बाजूला असेल तर पाठ घासायला लागते. ईआर कोलेट (शँक आवळून धरणारी चिरा असलेली नळी) पेट्रोलने किंवा थिनरने धुऊन, नट आतून पुसून, शँक पुसून मगच बांधा. शँकवर डायल लावून १० मायक्रॉनच्या आत आणा. येत नसेल तर कोलेट सैल करून टूल अर्धा फेरा फिरवा, पुन्हा बांधा, पुन्हा बघा. बऱ्याचदा एवढ्यानेच जमतं. टूल कोलेटबाहेर जितकं कमी काढाल तितकं चांगलं. बिडाच्या रफिंगला वापरून तोंड रुंदावलेलं कोलेट या कामाला लावू नका, कोरण्यासाठी एक वेगळं राखून ठेवा.

मटेरियल कोणतं आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. बाजारात नुसती ॲल्युमिनियम शीट मागितली तर बहुधा शुद्ध, मऊ मालिकेतली मिळते, १०५० किंवा ११०० सारखी. ती च्युइंगमसारखी ओढली जाते. बर आणि चिकटणं तिच्यात सगळ्यात जास्त. निवड तुमच्या हातात असेल तर ६०६१ किंवा ६०८२ टी-६ (उष्णता देऊन कडक केलेल्या) स्थितीत मागा. आपल्याकडे ६०८२ ला अजूनही एचई-३० म्हटलं की दुकानदाराला कळतं. २०१४ आणि ७०७५ तर सुरेख कोरली जातात, पण पॅनलसाठी तो खर्च मला पटत नाही. ग्राहकाने मऊ शीटच दिली असेल तर खोली एका पासमध्ये घेऊ नका. आधी ०.१६, मग शेवटचे ०.०४. शेवटच्या पासला दोन्ही भिंतींवरून २० मायक्रॉनची चिप निघते आणि कडा साफ होते. यापेक्षा पातळ शेवटचा पास ठेवलात तर पुन्हा घासणं सुरू.

ॲल्युमिनियमच्या कास्टिंगवर कोरायची वेळ आली तर गणित बदलतं. एलएम-६ या कास्टिंगच्या मिश्रधातूमध्ये सिलिकॉन १० ते १३ टक्के असतो, आणि सिलिकॉनचे कण धार खाऊन टाकतात. तिथे टूल लवकर बदलायची तयारी ठेवा आणि टोकाची सपाटी ०.३ घ्या.

कूलंटचं काम इथे थंड करणं हे दुय्यम. चिकटू न देणं आणि खाचेतली चिप उचलून बाहेर टाकणं, ही दोन मुख्य कामं. अर्ध्या मिलिमीटरच्या खाचेत चिप पडून राहिली आणि टूल परत तिच्यावर आलं तर टिप जाते. जुने लोक ब्रशने रॉकेल आणि पातळ तेल लावायचे, आणि ते मिश्रण ॲल्युमिनियमला खरोखर चांगलं आहे. फक्त ते फवारू नका, धुक्याला आग लागते. सोल्युबल ऑइल ६ ते ८ टक्क्यांचं, किंवा हवेबरोबर तेलाचा बारीक फवारा, दोन्ही चालतात.

पण एक सांगतो, तुमच्या मशीनच्या टाकीतलं कूलंट तसंच वापरू नका. आठवडाभर त्या मशीनवर बीड चाललं असेल तर टाकीच्या तळाशी काळा गाळ असतोच. तो पंपातून येऊन मऊ ॲल्युमिनियमवर ओरखडे काढतो, टेपखाली जाऊन प्लेट उचलतो, आणि पृष्ठभागात रुतलेले लोखंडाचे कण नंतर ओल लागली की तांबूस ठिपके देतात. ग्राहकाकडून प्लेट परत येते ती बहुतेक या ठिपक्यांमुळे. कोरण्याआधी टेबल पुसा, कापडात गुंडाळलेला लोहचुंबक टेबलावरून आणि फिक्स्चरवरून फिरवा, ॲल्युमिनियम त्याला लागत नाही पण बिडाची भुकटी सगळी येते. आणि कोरण्यापुरती स्वच्छ द्रावाची वेगळी बाटली किंवा छोटा फवारा ठेवा.

प्रोग्रॅमबद्दल मोजकंच सांगतो. टूल सरळ खाली घुसवायचं असेल तर त्या फीडला तिसरा हिस्सा द्या, म्हणजे ३० ते ४०. जमलं तर रेघेच्या दिशेने उतरत आत न्या, मध्यावरच्या शून्य स्पीडचा मार त्याने वाचतो. अक्षरांमधून टूल उचलताना १ मिमी वर पुरे, २५ मिमी वर नेण्यात निम्मा वेळ जातो. रेघेच्या शेवटी थांबा घालू नका, थांबलेलं टूल जागच्या जागी घासतं.

इंग्रजी अक्षरं आणि नंबर टाकायला काही कंट्रोलरमध्ये तयार सोय असते, हास मशीनवर जी४७ या कोडने ते होतं. मराठीला ती उपयोगाची नाही, आणि इथे आपल्या लोकांचा बराच वेळ वाया जातो. कॅम (ड्रॉइंगवरून मशीनचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी टाइप केलं की पुष्कळदा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं दिसतं. म्हणून मजकूर आधी कोरलड्रॉसारख्या प्रोग्रॅममध्ये लावा, ज्याला मराठी नीट वाचता येतं अशा माणसाकडून तपासून घ्या, मग त्याचे कर्व्ह करून डीएक्सएफ (रेघांच्या ड्रॉइंगची फाइल) काढा. फाइलमध्ये वळणांचे शेकडो बारीक तुकडे झाले असतील तर मशीन अडखळत चालतं, फीड कधीच गाठत नाही आणि पुन्हा चिप पातळ होते. कॅममध्ये १० मायक्रॉनच्या सूटीने ते तुकडे कंसांत बदलून घ्या.

यापुढची अडचण म्हणजे फॉन्ट बाह्यरेषेचे असतात. ५ मिमी उंचीला बाह्यरेषेवरून टूल फिरवलं तर प्रत्येक दांडा दोन रेघांचा होतो आणि मधे पातळ भिंत राहते, तीच पुढे वाकून बर म्हणून दिसते. मराठीला एका रेघेचे फॉन्ट फारसे मिळत नाहीत. मी सांगेन, फॉन्ट खाली ठेवून त्याच्या मध्यरेषा स्वतः काढा. पॅनलवर शब्द लागतात किती? चालू, बंद, पंप, दाब, तापमान, धोका, आपत्कालीन थांबा. एकदा बसून ही अक्षरं, मात्रा आणि लागणारी जोडाक्षरं काढून ठेवली की पुढची कित्येक वर्षं तो साठा वापरता येतो.

शिरोरेखा प्रत्येक अक्षरामागे वेगळी काढू नका. तशी काढली तर शेजारच्या अक्षरांच्या रेघा एकमेकींवर चढतात, त्याच खोलीला टूल दुसऱ्यांदा जातं आणि नुसतं घासतं. अख्ख्या शब्दाची एक सलग शिरोरेखा ठेवा, आणि ती सगळ्यात शेवटी चालवा. खालून आलेल्या दांड्यांनी तिच्या जागेत ढकललेला बर ती जाता जाता कापून नेते. प्लेट जराशी जरी वाकडी असेल तरी शिरोरेखेत ते पहिल्यांदा दिसतं, त्यामुळे तपासणीलाही तीच उपयोगी.

अक्षरांची उंची ठरवताना मी एवढंच बघतो की दोन रेघांमधली मोकळी जागा निदान रेघेइतकी उरली पाहिजे. ‘दाब’ ५ मिमीला ०.४३ च्या रेघेने छान येतो. ‘विद्युत’ मधला द्यु मात्र भरून जातो. तिथे एक तर उंची ७ मिमी करा, नाही तर ०.१ सपाटीचं टूल लावून खोली ०.१७ ठेवा, म्हणजे रेघ ०.३ वर येते. ग्राहकाशी हे आधीच बोलून घ्या, कारण मराठी आणि इंग्रजी मजकूर एकाच उंचीत बसवा असा आग्रह असतो, आणि मात्रा-वेलांट्यांना वर-खाली जागा लागते हे ड्रॉइंग काढणाऱ्याच्या लक्षात नसतं.

बर उरलाच तर ब्लेडने खरवडत बसू नका, प्रत्येक ओरखडा दिसतो. प्लेट फेस करायला मोकळीक असेल तर मी क्रम उलटा करतो: आधी अक्षरं ०.०५ जास्त खोल कोरायची, मग वरून ०.०५ चा हलका फेस कट. बर सगळा निघून जातो आणि रेघेची कडा कातरल्यासारखी येते. रुंदीचं गणित अर्थात फेस झाल्यानंतरच्या खोलीवर करायचं. फेस करता येत नसेल तर तोच मार्ग उलट्या दिशेने, त्याच खोलीला एकदा चालवा. एका रेघेच्या खाचेत एका भिंतीवर टूल एका तऱ्हेने कापतं आणि समोरच्या भिंतीवर उलट तऱ्हेने, म्हणून बर एकाच बाजूला जास्त असतो. उलट फेरीत बाजू बदलतात आणि लोंबणारा बर कापला जातो. नवी चिप मागायची नसल्यामुळे इथे घासण्याची भीती कमी, पण धार नवी हवी. त्यानंतर नायलॉनचा ब्रश पुरतो.

अनोडायझिंग (विजेने ॲल्युमिनियमवर कठीण ऑक्साइडचा थर चढवणं) आधी की नंतर, हे रंगावर ठरवा. अक्षरांत रंग भरायचा असेल तर आधी कोरा, मग अनोडाइज करा, शेवटी रंग. अनोडायझिंगच्या आधी प्लेट कॉस्टिकमध्ये बुडवतात, त्याने बारीक बरही विरघळतो. काळ्या प्लेटवर चकाकती अक्षरं हवी असतील तर अनोडाइज झाल्यावर कोरा, पण तो थर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा म्हणजे ग्राइंडिंग व्हीलच्याच जातीचा असतो. दिखाऊ कामात तो दहा-पंधरा मायक्रॉनचाच असतो, तरी टूलचं आयुष्य बरंच घटतं. शिवाय कोरलेली जागा उघडी राहते, दमट ठिकाणी ती काळवंडते. कारखान्याच्या पॅनलला मी हे सुचवत नाही. आणि साफ करायला कॉस्टिक सोडा कधीही वापरू नका, तो ॲल्युमिनियम खातो.

ज्यांच्याकडे व्हीएमसी नाही, उद्यमनगरात अजून कितीतरी शॉपमध्ये साधं मिलिंग मशीनच आहे, त्यांनीही हे काम सोडायचं कारण नाही. स्पिंडल तीन-चार हजारांवरच थांबत असेल तर कार्बाइडऐवजी एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल घ्या. चार-पाच मीटरच्या स्पीडला एचएसएस निवांत चालतं, त्याची धार जास्त तीक्ष्ण येते, आणि हाताचा धक्का लागला तरी टिप लगेच उडत नाही. चिप तीच, १० ते १५ मायक्रॉन, म्हणजे ३००० ला फीड ३० ते ४५. काम हळू होतं पण स्वच्छ होतं.

अगदी बारीक रेघा, मोजपट्टीच्या खुणा किंवा सही कोरायची असेल तर स्प्रिंगवरचं डायमंड ड्रॅग टूल बघा. ते फिरत नाही, स्पिंडल बंद ठेवून नुसतं ओढायचं. कटिंग स्पीडचा प्रश्नच मिटतो, आणि स्प्रिंगमुळे प्लेटचा वाकडेपणाही ते सांभाळून घेतं. खोली मात्र काही शतांशच मिळते, त्यात रंग टिकत नाही. ते लावल्यावर प्रोग्रॅममधून एम०३ (स्पिंडल फिरवायचा कोड) काढला आहे ना, हे दोनदा बघा. फिरलं तर हिरा जातो.

रोजचं कोरण्याचं काम मिळणार असेल तर मुख्य स्पिंडलमध्ये बसणारा हवेवरचा छोटा स्पिंडल मिळतो, तो तीस हजार आणि त्याहून वर फिरतो. त्याला कोरडी, गाळलेली हवा सतत लागते, तेव्हा कंप्रेसर आणि एअर ड्रायर आधी बघा.

तुमच्या प्लेटसाठी उद्या असं चालवा: ८००० आरपीएम, ६० अंशांचं एका धारेचं टूल, सपाटी ०.२, पहिला पास ०.१६ आणि दुसरा ०.०४, फीड १००, खाली उतरताना ३५, स्वच्छ सोल्युबल ऑइल. आधी त्याच शीटच्या तुकड्यावर ‘तापमान’ कोरा आणि भिंगाखाली बघा. भिंत चकाकत असेल आणि तळ स्वच्छ असेल तर फीड १२० करा, मग १५०. भिंत मळकट, ओढल्यासारखी दिसली तर फीडला हात लावण्याआधी टूलचं टोक बघा: पांढरा गोळा चिकटला असेल तर द्राव पोचत नाहीये, आणि कोपरा तुटला असेल तर कोलेटवर डायल लावा.